वाकळ, झोका आणि बावरलेले मूल

नवरात्रात तुळजापूरला महाद्वारासमोर उभे राहिले की एकाच वेळी किती गोष्टी अंगावर येतात! संबळ कडाडत असतो, आराध्यांच्या झांजा वाजत असतात, ध्वनिवर्धकावरून सूचना चालू असतात. हळदकुंकवाचा आणि धुपाचा वास नाकात भरतो, मागचा माणूस पाठीला रेटतो, पुढच्या बाईचा पदर तोंडाला घासतो. बहुतेक मुले आईच्या कडेवरून हे सारे डोळे विस्फारून पाहतात. मात्र त्याच गर्दीत एखादे चार वर्षांचे मूल दोन्ही कान हातांनी गच्च दाबून किंचाळताना दिसते. खेळणे पुढे केले तर ते भिरकावून देते, आईने कुरवाळले तर तिचा हात झटकते. भोवतालची माणसे लगेच निदान करून मोकळी होतात. एक म्हणतो, "लई हट्टी हाय पोरगं." दुसरा म्हणतो, "दोन लगावा, गप बसंल." तिसरी एखादी आजी दृष्ट काढायला सांगते.

विद्यार्थी मित्रांनो, हट्ट आणि हे किंचाळणे यांत एक सोपा फरक आहे. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवे असते. ते मिळाले, किंवा आपल्याकडे कोणी पाहत नाही असे त्याच्या लक्षात आले, की रडे थांबते. या मुलाला मात्र काहीच नको आहे. त्याला फक्त हे सारे थांबायला हवे आहे. गर्दीतून बाहेर काढून शांत गल्लीत नेले, तरी त्याला सावरायला कित्येकदा अर्धा-पाऊण तास लागतो. असे का बरे होत असावे?

ज्ञानेंद्रिये पाच, असे आपण चौथीपासून पाठ केलेले असते. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही ती पाच होत. ही यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. डोळे मिटा आणि उजव्या हाताचे बोट नाकाच्या शेंड्याला लावा. दिसत नसतानाही बोट बरोबर जागी पोचले ना? कोपर किती वाकले, दंड किती ताणला, याची खबर स्नायूंतील आणि सांध्यांतील सूक्ष्म ग्राही मेंदूला सतत देत असतात. ही झाली स्नायू-सांध्यांची संवेदना. दुसरी संवेदना तोलाची. तिचे यंत्र अंतर्कर्णात असते. तेथील तीन अर्धवर्तुळाकृती नलिकांत द्रव असतो. डोके वळले की तो द्रव मागे रेंगाळतो आणि नलिकेच्या मुळाशी असलेल्या केसांसारख्या पेशींना वाकवतो. शेजारच्या दोन पिशव्यांत चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांच्यामुळे वर कोणते, खाली कोणते आणि आपण पुढे सरकतो आहोत की मागे, हे कळते. या यंत्रावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. याखेरीज भूक, तहान, लघवीची जाणीव, छातीतील धडधड अशी शरीराच्या आतली खबर देणारी एक संवेदना आहेच.

इतक्या खबरा एकदम येत असताना मेंदू गोंधळत कसा नाही? याचे कारण त्याच्यापाशी चाळणी आहे. सकाळी मनगटाला घड्याळ बांधले की पट्टा जाणवतो, पाच मिनिटांनी जाणवत नाही. पिठाच्या गिरणीला लागून घर असलेल्याला गिरणीचा आवाज ऐकूच येत नाही. गिरणी बंद पडली की मात्र तो चटकन मान वर करतो. नेहमीचे ते गाळायचे, नवे आणि महत्त्वाचे ते पुढे पाठवायचे, असे हे काम अखंड चालते.

काही मुलांच्या मेंदूत ही चाळणी वेगळ्या तऱ्हेने चालते. सदऱ्याच्या गळ्यामागची चिठ्ठी त्यांना दिवसभर टोचत राहते. शिट्टी, कुकर, मिक्सर, फटाका या प्रत्येक आवाजाला मेंदू धोक्याची घंटा समजतो. मग ज्याला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात ती जागी होते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू आवळतात आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. चार वर्षांच्या पोराला लढता येत नाही आणि गर्दीतून पळताही येत नाही. ते किंचाळते.

येथे गोंगाटाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेलचे असते. जवळ वाजणारा ताशा किंवा ध्वनिवर्धक १०० डेसिबेलपर्यंत सहज जातो. फरक ४० चा वाटतो, परंतु दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ती दहा हजार पट झाली! आपण त्याला 'जरा मोठा आवाज' म्हणतो.

सर्वच मुले अशी अतिसंवेदनशील असतात असे नाही. काहींच्या बाबतीत उलट घडते. त्यांच्या मेंदूपर्यंत खबर पुरेशी पोचतच नाही. अशी मुले भिंतीला, माणसांना धडका देतात, गरगर फिरतात, सदऱ्याची कॉलर चघळत बसतात. त्यांना अधिक संवेदना हवी असते. गंमत अशी, की एकाच मुलात दोन्ही प्रकार आढळू शकतात. कानांना थोडे सोसत नाही आणि अंगाला मात्र कितीही पुरत नाही.

या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे मोठे काम जीन एअर्स या अमेरिकन विदुषीने केले. त्या व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या. व्यवसायोपचार म्हणजे रोजच्या कामांतून आणि खेळांतून उपचार करण्याचे शास्त्र. १९७२ साली एअर्स यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या संवेदनांची मेंदूत जुळणी नीट झाली नाही, तर मुलाचे वागणे आणि शिकणे दोन्ही बिघडते, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे या शास्त्राचा पाया मुंबईत घातला गेला. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकर घराण्याच्या सून झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. पुढे, २०१३ साली, स्वमग्नतेच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निकषांत संवेदनांच्या या अतिरेकी किंवा अपुऱ्या प्रतिसादाचा समावेश झाला. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. असे प्रत्येक मूल स्वमग्न असते असे मुळीच नाही.

आता मुलाला शांत कसे करायचे ते पाहू. पहिले पाऊल काही देण्याचे नसून काढून घेण्याचे आहे. आवाज, उजेड, माणसे आणि बोलणे, चारही कमी करायचे. आपण नेमके उलटे करतो. मूल रडू लागले की चौघेजण भोवती जमतात आणि चौघेही एकदम बोलतात. त्याऐवजी एकानेच जवळ थांबावे, मुलाच्या उंचीला खाली बसावे आणि दोन-तीन शब्दांपेक्षा अधिक बोलू नये. शाळेची खोली पत्र्याची असेल तर पत्रा आणि सिमेंटची भिंत आवाज परतवीत राहतात व वर्ग घुमतो. कोपऱ्यातल्या भिंतीवर जुनी वाकळ किंवा पोती टांगली, तर कापडाच्या छिद्रांत ध्वनीची ऊर्जा जिरते. जुन्या पद्धतीची नळीची ट्यूब वीजप्रवाहाच्या दर सेकंदाच्या ५० आवर्तनांमुळे १०० वेळा लुकलुकते. आपल्याला ते कळत नाही, काही मुलांच्या डोळ्यांना मात्र त्याचा त्रास होतो. खिडकीचा उजेड पुरत असेल तर दिवसा ट्यूब बंदच ठेवावी.

दुसरे साधन दाबाचे. त्वचेला दोन तऱ्हेचे स्पर्श कळतात, हे स्वतःवरच पडताळून पाहा. मोरपीस किंवा गवताची काडी हातावरून हलकेच फिरवा, अंग शहारते. आता तोच हात दुसऱ्या पंजाने घट्ट धरून ठेवा, बरे वाटते. हलका, सरपटणारा स्पर्श हा मुंगी किंवा किडा चढल्याचा संदेश असू शकतो, म्हणून तो मेंदूला सावध करतो. सावकाश दिलेला, टिकून राहणारा दाब मात्र पुष्कळांना शांत करतो. त्यामुळे बावरलेल्या मुलाच्या गालावरून बोटे फिरवण्यापेक्षा दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून हळूहळू वजन देणे बरे. तेही त्याला चालत असेल तरच.

या दाबाची एक हकीकत जनावरांच्या दवाखान्याशी जुळलेली आहे. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतील नामवंत पशुशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी त्यांना कोणी मिठी मारलेली सोसत नसे, आणि तरीही दाबाची ओढ मात्र वाटे. मावशीच्या गोठ्यावर त्यांनी पाहिले, की लस टोचण्यासाठी गुरांना खोड्यात घातले आणि दोन्ही बाजूंनी दाब दिला, की बुजलेली काही जनावरे निवांत होतात. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यापुढे लाकडी किंवा लोखंडी खोडा असतो, तसलाच हा प्रकार. अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी लाकडी फळ्यांचे असे एक यंत्र बनवले. त्यात शिरून दाब किती द्यायचा हे आत बसणाऱ्यानेच ठरवायचे होते. १९९२ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. या कथेत महत्त्वाची गोष्ट फळ्यांची नाही, तर दाब कमीजास्त करणारा दांडा स्वतःच्या हातात असण्याची आहे.

शहरांत आता भारित पांघरुणे विकत मिळतात, आणि ती स्वस्त नसतात. धाराशिव जिल्ह्यातील घराघरांत मात्र उतरंडीजवळ नाहीतर माळ्यावर वाकळ असतेच. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थरावर थर देऊन शिवलेली वाकळ जड असते. शेकडो वेळा धुतल्याने तिचे सूत मऊ झालेले असते, आणि तिला घरचा ओळखीचा वास असतो. तीन संवेदनांना ती एकदम दिलासा देते. घोंगडीही जड असते, पण तिची लोकर टोचते. स्पर्श न सोसणाऱ्या मुलाला ती नको. वाकळीवर मुलाला आडवे करून, हात व मान मोकळी ठेवून गुंडाळायचे आणि 'भाकरीत भाजी गुंडाळली' म्हणत इकडून तिकडे लोळवायचे, हा खेळ पुष्कळ मुलांना आवडतो. मात्र तोंड कधीही झाकू नये, आणि मुलाला स्वतःहून बाहेर येता यायला हवे. तान्ह्या बाळावर किंवा दोन वर्षांच्या आतील मुलावर जड पांघरूण घालणे धोक्याचे आहे. त्याचा श्वास कोंडू शकतो.

आणि हे सारे सिद्ध झाले आहे का? खरे सांगायचे तर पुरते नाही. २०१४ साली ब्रिटनमध्ये ६७ स्वमग्न मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाला सुमारे दोन आठवडे जड पांघरूण दिले आणि सुमारे दोन आठवडे साधे. जड पांघरुणाने झोपेचे तास वाढले नाहीत. तरीही मुलांनी व पालकांनी पसंती दिली ती जड पांघरुणालाच. यातून काय निष्कर्ष काढायचा? वाकळ हे औषध नव्हे. पण ती मुलाला आवडत असेल तर ती काढून घेण्याचेही कारण नाही, असे आम्हांस वाटते.

तिसरे साधन झोक्याचे, आणि त्यात तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील लंबक दडलेला आहे. झोक्याचा आवर्तकाल दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. एक मीटर लांबीच्या दोरीला एका हेलकाव्यास, म्हणजे जाऊन परत येण्यास, सुमारे २ सेकंद लागतात. लांबी चौपट केली की काळ दुप्पट होतो. चार मीटरला ४ सेकंद. जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी तरुण स्त्रीपुरुषांना रात्रभर हलक्या झुलणाऱ्या पलंगावर झोपवून त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवल्या. त्यांचा पलंग दर ४ सेकंदांना एक हेलकावा घेत होता. झुलताना माणसे लवकर झोपी गेली आणि त्यांची गाढ झोप वाढली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. लिंबाच्या उंच फांदीला बांधलेला नागपंचमीचा लांब झोका जवळजवळ याच तालात चालतो. घरातील आढ्याला बांधलेली झोळी लहान, म्हणून तिचा ताल जलद असतो. तुमच्या घरच्या झोळीची लांबी मोजा आणि दहा हेलकाव्यांना लागलेला वेळ दहाने भागा. नियम पडताळता येईल.

एकाच रेषेत, सावकाश आणि एकसारखा जाणारा झोका शांत करतो. दोरीला पीळ देऊन गरगर सोडलेला झोका उलट उत्तेजित करतो. नलिकांतील द्रव झोका थांबल्यावरही फिरत राहतो व भोवळ येते. हा फरक कळला नाही तर झोका देणारी ताई भावाला शांत करू पाहते आणि तो अधिकच बिथरतो. चालण्याचाही असाच परिणाम आहे. २०१३ साली जपानी शास्त्रज्ञांना आढळले, की आईने तान्ह्या बाळाला उचलून ती चालू लागली की बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात व रडे कमी होते. ती नुसती उचलून बसली तर तसे होत नाही. उंदरिणीने तोंडात धरून नेलेल्या पिलाचेही असेच होते! संकटात आई पळत असताना पिलाने वळवळू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही योजना असावी.

चौथे साधन म्हणजे जड काम. ढकलणे, ओढणे, उचलणे, मळणे यांनी स्नायू-सांध्यांच्या ग्राहींना भरपूर खबर मिळते, आणि पुष्कळ मुले त्यानंतर स्थिरावतात. धडका देणाऱ्या मुलाला तर हेच हवे असते. शहरात त्यासाठी खास साधनांनी भरलेली खोली करतात. खेड्यात ती खोली आधीच मांडून ठेवलेली असते. जात्याचा खुंटा आईबरोबर धरून ओढणे, ज्वारीच्या पिठाचा गोळा मळून स्वतःची छोटी भाकरी थापणे, अर्धी भरलेली लहान कळशी दोन्ही हातांनी धरून आणणे, वाफ्यातली ओली माती थापटणे, ही सारी त्यातलीच कामे. मुलाच्या अंगाला झेपेल इतकेच वजन हवे. आणि हे काम खेळ म्हणून पाच-दहा मिनिटे असावे. राबवून घेणे ही वेगळी गोष्ट झाली.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात सांगतो. परातीत ज्वारी घेऊन त्यात हात कोपरापर्यंत बुडवणे काहींना फार आवडते, पण दाणे नाकात जाणार नाहीत यासाठी मोठ्या माणसाने जवळच बसावे. कडक भाकरीचा पापुद्रा चावणे हे जबड्याचे जड कामच. लांब उच्छ्‌वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून पाण्याच्या पेल्यात नळीने बुडबुडे काढणे किंवा तळहातावरचे कापसाचे बोंड फुंकरीने उडवणे उपयोगी पडते. मात्र मूल किंचाळत असताना यांतले काही शिकवू नये. त्या वेळी शिकण्याचा मेंदू बंद असतो. शांत वेळी रोज खेळलेला खेळच अडचणीच्या वेळी कामी येतो.

शिक्षकांसाठी येथे थोडे सांगायला हवे. असे मूल बहुधा प्रार्थनेच्या वेळी, घंटेच्या वेळी किंवा पोषण आहाराच्या रांगेत बिघडते. घंटेपूर्वी त्याला बोटांनी 'आता पाच' असे खुणेने कळवावे, कारण अचानकपणा हा अर्धा त्रास असतो. रांगेत त्याला सर्वांत शेवटी किंवा सर्वांत पुढे उभे करावे. मधे दोन्हीकडून धक्के लागतात. वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेऊन देण्याचे काम त्याला सांगितले, तर ते जड काम होते आणि मानाचेही. वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायची एक जागा असावी. ती शिक्षेची जागा नव्हे, हे सगळ्या वर्गाला आधीच सांगावे, नाहीतर दोन दिवसांत तिचा तसाच अर्थ होतो.

तुळजाभवानीलासुद्धा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत पलंगावर निद्रा दिली जाते, तिला श्रमनिद्रा म्हणतात. यात्रेहून आलेल्या आपल्या घरातील मुलाला मात्र आपण त्याच संध्याकाळी पाहुण्यांपुढे गाणे म्हणायला उभे करतो! यात्रा, लग्न किंवा वरात यांच्या आधी आणि नंतर काही तास शांत ठेवता आले तर पुष्कळ प्रसंग टळतात. ज्यांना न्यायचेच आहे त्यांनी पहाटेची कमी गर्दीची वेळ निवडावी, कानांत कापूस किंवा डोक्याला जाड रुमाल बांधावा आणि बाहेर पडण्याची वाट आधी पाहून ठेवावी.

एखादी युक्ती आपल्या मुलाला लागू पडते की नाही, हे ठरवायला वही पुरे. तारीख, बिघडण्याची वेळ, त्याआधी काय घडले, कोणता उपाय केला आणि शांत व्हायला किती मिनिटे लागली, असे पाच रकाने आखा. एका वेळी एकच उपाय सलग दोन आठवडे करून पाहा. चार उपाय एकदम केले तर गुण कोणत्या उपायाचा ते कळणार नाही. फरक दिसला नाही तर तो सोडून द्या. उपायाच्या वेळी मूल अंग चोरू लागले तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका.

ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते. मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नसेल, आलेले बोलणे गेले असेल, किंवा खाण्याचे दोन-तीनच पदार्थ चालत असतील, तर घरच्या उपायांवर थांबू नये. आधी कानांची तपासणी करून घ्यावी, कारण कानांत पू झालेले मूलही आवाजाला असेच रडते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शाळांत येऊन मुलांना तपासतात. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. पथक येईल त्या दिवशी अंगणवाडीताईंनी किंवा वर्गशिक्षकांनी अशा मुलाच्या पालकांना निरोप पाठवून वहीसह बोलावून घ्यावे. त्या गडबडीच्या दिवशी मूल घाबरून घरीच राहिले, तर नेमके त्याचेच नाव तपासणीतून सुटते.